संगणक विषाणूंचा दोष कोणाचा? : वापरकर्ता आणि कार्यप्रणालीची रचना यांचा ऐतिहासिक परामर्श

प्रास्ताविक

सन २००८ च्या सुमारास एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत, विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला आठवडा उरला असताना, सर्व संगणक एकाएकी मंदावले. विद्यार्थ्यांचे फोल्डर दिसेनासे झाले आणि त्यांच्या जागी त्याच नावांच्या निराळ्याच फाइली दिसू लागल्या. वाणिज्य शाखेच्या एका विद्यार्थ्याने प्रकल्प-अहवाल छापून घेण्यासाठी आणलेल्या पेन ड्राइव्हमधून विषाणू शिरला, असे चौकशीत निष्पन्न झाले. तीन प्राध्यापकांच्या समितीने विद्यार्थ्याकडून माफीनामा लिहून घेतला, प्रयोगशाळा परिचराला लेखी समज दिली आणि दारावर पेन ड्राइव्हला मनाई करणारा फलक लावला. त्या समितीच्या अहवालावर प्रस्तुत लेखकाचीही स्वाक्षरी आहे. निर्णय देण्यास अर्धा तासही लागला नव्हता, इतका तो त्या वेळी उघड वाटला होता.

विषाणू पसरला की दोष वापरणाऱ्याचा, ही समजूत आपल्याकडे जवळजवळ सर्वमान्य आहे. अनोळखी जोडपत्र उघडले, फुकटची प्रणाली उतरवून घेतली, दुरुस्त्या बसविल्या नाहीत, असे तिचे ठरलेले दाखले आहेत. याच्या उलट बाजूस काही तज्ज्ञांचे म्हणणे असे की, ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कार्यप्रणाली मुळातच सैल बांधलेली असेल, तर वापरणाऱ्याच्या सावधगिरीला फारसा अर्थ उरत नाही. विषाणू लिहिणारा गुन्हेगार आहे, याविषयी दोन्ही पक्षांत वाद नाही. वाद आहे तो घराला कुलूप नव्हते की घरमालकाने ते लावले नाही, याबद्दलचा.

हा वाद तत्त्वचर्चेने सुटण्यासारखा नाही. परंतु इतिहासात त्याची एक कसोटी उपलब्ध आहे. गेल्या चार दशकांत असे प्रसंग अनेकदा आले की, वापरणारे लोक तेच राहिले, त्यांच्या सवयी त्याच राहिल्या आणि बदलली ती फक्त यंत्राची रचना. त्या प्रत्येक प्रसंगी विषाणूंचे काय झाले, हे पाहिले असता दोषाची वाटणी कशी करावी याचा बराचसा उलगडा होतो. प्रस्तुत निबंधात विषाणू हा शब्द व्यापक अर्थाने, म्हणजे स्वतःहून जाळ्यातून पसरणाऱ्या ‘वर्म’सह योजला आहे.

पहिला प्रयोग आणि आधीपासूनचे ज्ञान

दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील विद्यार्थी फ्रेड कोहेन यांनी नोव्हेंबर १९८३ मध्ये युनिक्स कार्यप्रणालीवर चालणाऱ्या व्हॅक्स ११/७५० या संगणकावर एक प्रयोग केला. फाइलींची रचना चित्ररूपाने दाखविणाऱ्या एका उपयुक्त प्रणालीत त्यांनी विषाणू दडविला आणि ती प्रणाली इतरांना वापरण्यास खुली केली. पाच वेळा केलेल्या या प्रयोगात प्रत्येक वेळी तासाभराच्या आत संगणकावरील सर्वाधिकार विषाणूच्या हाती आले. सर्वांत कमी वेळ पाच मिनिटांहूनही थोडा होता. ‘व्हायरस’ हे नाव त्यांचे मार्गदर्शक लेनर्ड अ‍ॅडलमन यांनी सुचविले. निष्कर्ष पाहून व्यवस्थापनाने पुढील प्रयोगांची परवानगी काढून घेतली, ही गोष्टही बोलकी आहे.

या प्रयोगात कार्यप्रणालीतील कोणतीही चूक वापरलेली नव्हती. युनिक्समध्ये प्रत्येक वापरकर्त्याचे अधिकार निरनिराळे होते, फाइलींना संरक्षण होते, सारे काही नियमानुसार चालले होते. कोहेन यांचे प्रतिपादन असे की, जेथे माहितीची देवाणघेवाण आहे आणि एकाची प्रणाली दुसऱ्याने स्वतःच्या अधिकाराने चालविण्याची मुभा आहे, तेथे विषाणूचा प्रसार तत्त्वतः अटळ आहे. दिलेली प्रणाली विषाणू आहे किंवा नाही हे सर्व बाबतींत अचूक सांगणारी रीत असू शकत नाही, हेही त्यांनी दाखवून दिले. तेव्हा रचनेला दोष देणाऱ्यांनी एवढे आरंभीच मान्य केले पाहिजे की, निर्दोष रचना हा पर्याय कधीच उपलब्ध नव्हता.

उपलब्ध होता तो कमी-अधिकाचा विवेक. जेरोम सॉल्त्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्येच संगणकातील माहितीच्या संरक्षणाची तत्त्वे एका दीर्घ निबंधात मांडली होती. प्रत्येक प्रणालीला तिच्या कामापुरतेच अधिकार असावेत, स्पष्ट परवानगी नसेल तर नकार गृहीत धरावा आणि संरक्षणाची सोय माणसाला सहज वापरता येईल अशी असावी, ही त्यांपैकी तीन. तिसऱ्या तत्त्वाकडे आपल्याकडील चर्चेत क्वचितच लक्ष जाते. सुरक्षित मार्ग अवघड आणि असुरक्षित मार्ग सोपा ठेवला, तर माणूस सोप्या मार्गाने जाणार, हे गृहीत धरूनच रचना करावी असा त्याचा आशय आहे. वापरकर्त्याचा स्वभाव हा रचनेच्या गणितातील एक ज्ञात आकडा आहे, असे १९७५ मध्ये लिहून ठेवले गेले होते. पुढे जे घडले ते अज्ञानातून घडले, असे म्हणता येणार नाही.

वैयक्तिक संगणकाचे गृहीतक

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला तेव्हा त्यात इंटेलचा ८०८८ हा प्रक्रियक होता. कार्यप्रणाली आणि सामान्य प्रणाली यांच्यात अधिकारांची भिंत उभारण्याची सोयच त्या प्रक्रियकात नव्हती. त्यावर चालणाऱ्या डॉसमध्ये वापरकर्ता एकच, अधिकार सर्व आणि स्मृतीचा प्रत्येक कोपरा प्रत्येक प्रणालीला मोकळा. यात निष्काळजीपणापेक्षा एक गृहीतक होते. संगणक एकाच माणसाचा आहे, तो दुसऱ्या कशाशी जोडलेला नाही. मग स्वतःपासूनच स्वतःचे रक्षण कशाला करावयाचे?

हे गृहीतक फ्लॉपीने मोडले. १९८६ च्या आरंभी लाहोर येथील बासित आणि अमजद फारुक अल्वी या बंधूंनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीच्या आरंभविभागात, ज्याला ‘बूट सेक्टर’ म्हणतात तेथे, जाऊन बसत असे. आपण तयार केलेल्या वैद्यकीय प्रणालीची चोरी होऊ नये म्हणून तो लिहिला, असे त्यांचे म्हणणे होते आणि त्यांनी त्यात आपले नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांकही दिले होते. १९८७ मध्ये तो अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठापर्यंत पोहोचला. त्याचे व त्याच्या पाठोपाठ आलेल्या अनेक विषाणूंचे साधन एकच होते. संगणक सुरू करताना खणात विसरून राहिलेली फ्लॉपी असली, तर यंत्र प्रथम तीच वाचावयास जाई आणि तिच्यावरील आज्ञा निमूटपणे पाळी. फ्लॉपी काढून ठेवा, हा धडा त्या पिढीच्या प्रत्येक संगणक-शिक्षकाने दिला आहे. लोक मात्र विसरत राहिले. प्रथम कोणती चकती वाचावी हा क्रम बदलला आणि नंतर फ्लॉपीच गेली, तेव्हा आरंभविभागातील विषाणूंचे ते युग संपले. विसरण्याची सवय माणसाने अद्याप सोडलेली नाही.

पुण्यात कैलास व संजय काटकर या बंधूंनी कॅल्क्युलेटर व संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातून ‘क्विक हील’ ही विषाणूरोधक प्रणाली उभी केली, ती याच परिस्थितीत. दुरुस्तीला येणारी यंत्रे बिघडलेली नसून बाधित असत, हे दुकानदाराच्या नजरेला आधी दिसले. विषाणूरोधक प्रणालींचा सारा व्यवसायच एका अर्थाने कार्यप्रणालीत राहून गेलेल्या उणिवेवर उभा राहिला, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

मॉरिस प्रकरण : पिता आणि पुत्र

२ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने सोडलेला वर्म त्या वेळच्या इंटरनेटवरील सुमारे ६,००० संगणकांत शिरला, असा अंदाज केला जातो. जोडलेल्या संगणकांची संख्या तेव्हा ६०,००० च्या आसपास मानली जात होती. त्याने तीन वाटा वापरल्या. येणारा मजकूर किती लांबीचा आहे हे न तपासताच स्वीकारणारी एक सेवा, टपाल हाताळणाऱ्या प्रणालीत चाचणीसाठी ठेवलेली व तशीच उघडी राहिलेली एक सोय, आणि तिसरी वाट परवलीच्या शब्दांची. वर्मजवळ ४३२ शब्दांची यादी होती आणि ती पुष्कळ ठिकाणी पुरेशी ठरली.

पहिल्या दोन वाटांत वापरकर्त्याचा काहीच संबंध नाही. तिसरीत आहे, असे वाटते. परंतु येथे इतिहासाने एक विलक्षण योग जुळवून आणला आहे. या विद्यार्थ्याचे वडील रॉबर्ट मॉरिस यांनी केन थॉम्पसन यांच्यासमवेत १९७९ मध्ये परवलीच्या शब्दांच्या सुरक्षिततेवर निबंध लिहिला होता. त्यांनी तपासलेल्या ३,२८९ शब्दांपैकी ८६ टक्के शब्द अति लहान, कोशात सापडणारे किंवा सहज ताडता येणारे निघाले. या आकड्यावरून लोक निष्काळजी आहेत एवढेच म्हणून ते थांबले नाहीत. शब्द सांकेतिक रूपात बदलण्याची रीत मुद्दाम संथ करावी, प्रत्येक शब्दाला एक यादृच्छिक जोड द्यावी, असे उपाय त्यांनी रचनेत केले. कारण लोक बदलणार नाहीत, हे त्यांनी धरून चालले होते. तरीही सांकेतिक शब्दांची फाइल सर्वांना वाचता येईल अशी युनिक्समध्ये राहू दिली गेली. नऊ वर्षांनी मुलाच्या वर्मने तीच वाचली.

न्यायालयाने १९९० मध्ये मॉरिसला तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा दिली. लांबी न तपासणारी ती सेवा कोणी लिहिली व ती तशीच का वितरित झाली, हा प्रश्न कोणत्याही न्यायालयापुढे आला नाही.

लपविलेली तीन अक्षरे

१९९५ मध्ये ‘कन्सेप्ट’ नावाचा विषाणू वर्डच्या दस्तऐवजांतून पसरू लागला. तोवर दस्तऐवज म्हणजे केवळ मजकूर, त्यातून विषाणू येत नाही, असे शिक्षक विद्यार्थ्यांना खात्रीने सांगत आणि ते खरेही होते. मायक्रोसॉफ्टने दस्तऐवजात प्रणाली लिहिण्याची सोय दिली, दस्तऐवज उघडताच ती आपोआप चालेल अशीही सोय दिली, आणि कालपर्यंतचे सत्य आज खोटे ठरले. वापरणाऱ्याला हे कळविण्याची तसदी कोणी घेतली? २६ मार्च १९९९ रोजी ‘मेलिसा’ने याच सोयीला आउटलुकची जोड देऊन पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःच्या प्रती धाडल्या. पत्र ओळखीच्या माणसाकडून आलेले दिसे. म्हणजे अनोळखी पत्र उघडू नका हा उपदेश पाळणाराही फसला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आलेल्या ‘बबलबॉय’ने उरलासुरला आधारही काढून घेतला. त्याला जोडपत्रच नव्हते. पत्र नजरेखाली येताच तो चालू होई.

परंतु या साऱ्या मालिकेत प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत अभ्यसनीय प्रकरण ४ मे २०००चे आहे. मनिला येथून निघालेल्या त्या पत्राचा विषय ‘आय लव्ह यू’ असा होता आणि त्यासोबत प्रेमपत्र म्हणून एक फाइल होती. फाइलीच्या पूर्ण नावात ‘टीएक्सटी’ हा मजकुराचा निदर्शक अंत्यभाग आणि त्यानंतर पुन्हा ‘व्हीबीएस’ असा दुसरा, प्रणालीचा निदर्शक अंत्यभाग होता. विंडोज ९५ पासून ज्ञात प्रकारच्या फाइलींच्या नावांचा शेवटचा भाग दाखवू नये, अशी मूळ मांडणी होती. पडदा सुटसुटीत दिसावा, हा तिचा हेतू. परिणामी पाहणाऱ्याला ‘टीएक्सटी’ एवढेच दिसले. त्याने एक निरुपद्रवी मजकूर उघडला, असे त्याला वाटले. यंत्राने एक प्रणाली चालविली. तसल्या प्रणाली चालविणारे साधन विंडोज ९८ मध्ये कोणी मागितले नसता बसवून व सुरू करून दिलेले होते आणि आउटलुकने वहीतील यच्चयावत पत्ते त्या प्रणालीच्या हवाली केले. ब्रिटिश संसदेलाही आपली ई-टपाल व्यवस्था काही काळ बंद ठेवावी लागली.

येथे दोष कोणाचा? प्रेमपत्राच्या मोहाची थट्टा त्या वेळी जगभर झाली आणि ती थट्टाच उत्तर म्हणून खपून गेली. वास्तविक वापरकर्त्याने जे पाहिले त्यावर घेतलेला निर्णय योग्य होता. त्याला जे दाखविले गेले तेच खोटे होते. निर्णयाला आवश्यक असलेली तीन अक्षरे त्याच्यापासून लपवून ठेवून नंतर निर्णयाची जबाबदारी त्याच्यावर टाकणे, हे साक्षीदाराचे डोळे बांधून त्याला चुकीच्या साक्षीबद्दल शिक्षा करण्यासारखे आहे. महिन्याभरात मायक्रोसॉफ्टने आउटलुकसाठी सुधारणा काढली. चालू शकणारी जोडपत्रे तीत अडविली जात आणि दुसरी प्रणाली पत्त्यांच्या वहीला हात घालू लागल्यास आधी विचारणा होई. हीच सुधारणा महिनाभर आधी का अशक्य होती, याचे तांत्रिक कारण दिसत नाही.

हे लिहिणारा ओनेल दे गुझमान हा मनिलातील एका संगणक महाविद्यालयाचा विद्यार्थी होता. फिलिपाइन्समध्ये त्या वेळी अशा कृत्याविरुद्ध कायदा नसल्याने खटला टिकला नाही. जून २००० मध्ये झालेला कायदा पूर्वलक्ष्यी नव्हता.

दुरुस्ती उपलब्ध होती, पण...

वापरकर्त्याला दोष देणाऱ्या पक्षाचा सर्वांत भक्कम युक्तिवाद यानंतरच्या कालखंडात सापडतो. ‘कोड रेड’ने १९ जुलै २००१ रोजी चौदा तासांच्या आत ३,५९,००० हून अधिक संगणक बाधित केले, दुरुस्ती १८ जूनलाच निघाली होती. २५ जानेवारी २००३ च्या ‘स्लॅमर’ची दुरुस्ती सहा महिने आधीची, ११ ऑगस्ट २००३ च्या ‘ब्लास्टर’ची सुमारे चार आठवडे आधीची. दुरुस्ती हातात असूनही ती बसविली नाही, तर निर्मात्याने आणखी काय करावे?

युक्तिवाद वजनदार आहे, पण त्यातील वापरकर्ता हा शब्द तपासून घ्यावा लागतो. स्लॅमर अवघ्या ३७६ बाइटचा होता आणि पहिल्या दहा मिनिटांत त्याने बहुतेक सर्व दुबळे संगणक गाठले. ज्या माहितीसंच-प्रणालीतील उणीव त्याने वापरली, तिची छोटी आवृत्ती इतर अनेक प्रणालींसोबत गुपचूप बसविली जात असे. ती आपल्या यंत्रावर आहे हेच पुष्कळांना ठाऊक नव्हते. खुद्द मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत जाळ्यातील काही यंत्रांवरही दुरुस्ती बसविलेली नव्हती आणि तीही बाधित झाली. रचनाकारांच्या स्वतःच्या घरी जे जमले नाही, ते जिल्ह्याच्या ठिकाणी भ्रमणध्वनीच्या दुकानावर संगणक चालविणाऱ्याला जमावे, ही अपेक्षा कितपत न्याय्य?

ब्लास्टरची गोष्ट याहून स्पष्ट आहे. त्याला वापरकर्त्याकडून काहीच नको होते. इंटरनेटला जोडलेले यंत्र पुरेसे होते. विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल २००१ पासून होती. ती बंद ठेवून दिलेली होती. बिल गेट्स यांनी १५ जानेवारी २००२ च्या सुप्रसिद्ध पत्रात, नव्या सोयी आणि सुरक्षितता यांत निवड करावयाची झाल्यास सुरक्षितता निवडावी, असे आपल्या कर्मचाऱ्यांना कळविले होते. त्यानंतर विंडोजचे काम काही काळ थांबवून हजारो अभियंत्यांना प्रशिक्षणही दिले गेले. मात्र फायरवॉल मूळ मांडणीतच सुरू ठेवणारी दुसरी सुधारित आवृत्ती यावयास ऑगस्ट २००४ उजाडला. तिच्यानंतर नुसत्या जोडणीने काही मिनिटांत बाधित होणारे घरगुती यंत्र हा प्रकार झपाट्याने ओसरला. कोट्यवधी लोकांनी त्या वर्षी संगणक-सुरक्षेचा अभ्यास केला, म्हणून हे घडले नाही. एक कळ बंद होती ती चालू करून दिली गेली.

ग्राहक म्हणून वापरकर्ता

येथवरच्या विवेचनावरून सारा दोष रचनेवर टाकून मोकळे व्हावे, असा मोह होईल. तो आवरला पाहिजे, कारण रचना हवेत तयार होत नाही. जुलै १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीमध्ये निरनिराळे वापरकर्ते, निरनिराळे अधिकार आणि फाइलीगणिक परवानग्या हे सर्व होते. एक्सपीच्या रूपाने तीच प्रणाली २००१ मध्ये घराघरांत गेली, तेव्हा पहिल्या वापरकर्त्याला सर्वाधिकारी प्रशासक करून आणि परवलीचा शब्द न मागता ती सुरू केली जात असे. भिंती होत्या, पण सर्वांच्या हाती सर्व किल्ल्या दिलेल्या होत्या. असे का? कारण विंडोज ९५ च्या काळातील हजारो प्रणाली सर्वाधिकार गृहीत धरून लिहिलेल्या होत्या आणि त्या नव्या यंत्रावर चालल्या नाहीत, तर ग्राहक नवे यंत्र घेणार नव्हता. जुने सारे चालले पाहिजे, ही मागणी आपली होती. कार्यालये, बँका, महाविद्यालयांचे लेखाविभाग, सर्वांची.

जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टाने किल्ल्या काढून घेण्याचा प्रयत्न केला. महत्त्वाचा बदल करण्यापूर्वी अनुमती विचारणारी चौकट तिने आणली आणि जगभर तक्रारींचा पाऊस पडला. लोक ती चौकट न वाचता होय म्हणू लागले, कित्येकांनी ती सोय बंदच केली. वापरकर्त्यांना त्रास व्हावा आणि त्यातून प्रणाली लिहिणाऱ्यांवर दबाव यावा हाच त्या चौकटीचा हेतू होता, अशी कबुली कंपनीच्याच एका व्यवस्थापकाने २००८ मध्ये जाहीर परिषदेत दिली. सॉल्त्झर-श्रोडर यांचे तिसरे तत्त्व येथे उलटे टांगले गेले होते. तरीही सुरक्षिततेसाठी थोडी गैरसोय सोसण्याची ग्राहकाची तयारी नव्हती, हे नाकारता येत नाही. अ‍ॅन अ‍ॅडम्स आणि अँजेला सासे यांनी १९९९ मध्ये वापरकर्ता हा शत्रू नव्हे, असा निबंध लिहून या गैरसोयीचे कामाच्या दिवसातील मोल दाखवून दिले होते. लोक नियम मोडतात ते आळसाने नव्हे, तर नियम त्यांच्या कामाच्या आड येतो म्हणून, असा त्यांचा अभ्यास सांगतो.

अ‍ॅपलच्या वापरकर्त्यांचा अनुभवही येथे नोंदविला पाहिजे. आमच्या यंत्रांना विषाणू लागत नाही, अशी त्यांची वर्षानुवर्षांची प्रौढी होती. २०१२ मध्ये ‘फ्लॅशबॅक’ने सुमारे सहा लाख मॅक बाधित केले. जावातील त्या उणिवेची दुरुस्ती ओरॅकलने फेब्रुवारीत काढली होती. अ‍ॅपलने ती आपल्या ग्राहकांना एप्रिलमध्ये दिली. मधल्या काळात ग्राहकाने काय करावयास हवे होते?

पुन्हा पेन ड्राइव्ह

आता आरंभीच्या प्रसंगाकडे येता येईल. त्या काळातील विंडोजमध्ये पेन ड्राइव्हवर ‘ऑटोरन’ नावाची छोटी फाइल असल्यास ड्राइव्हच्या चित्रावर दोनदा टिचकी मारताच तीतील आज्ञा पाळली जाई. चित्रावर दोनदा टिचकी मारणे ही ड्राइव्ह उघडण्याची रीत आम्हीच पहिल्या तासाला शिकवीत होतो. पुढे नोव्हेंबर २००८ मध्ये आलेल्या ‘कॉन्फिकर’ने अशाच वाटेचा, जाळ्यातील उणिवेच्या जोडीने, उपयोग केला. फोल्डरच्या जागी दिसलेल्या त्या फाइली म्हणजे फोल्डरचे चित्र धारण केलेल्या प्रणाली होत्या. नावाचा अंत्यभाग लपविण्याची १९९५ ची ती मांडणी तोवर तशीच होती. विद्यार्थ्याने फोल्डर पाहिला आणि फोल्डर उघडला.

फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या आवृत्त्यांवरही पेन ड्राइव्हपुरती ही सोय बंद केली आणि त्या मार्गाने होणारी बाधा पुढील काही महिन्यांत लक्षणीयरीत्या घटल्याचे कंपनीनेच नोंदविले. दारावरच्या फलकाने तीन वर्षांत जे साधले नव्हते, ते एका दुरुस्तीने साधले. विद्यार्थी तेच होते, पेन ड्राइव्हही तेच.

आमच्या बाजूची एक चूक मात्र या हिशेबातून गाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. प्रयोगशाळेतील संगणकांवर स्वयंचलित दुरुस्त्या बंद करून ठेवलेल्या होत्या. कारण काही प्रतींचे परवाने संशयास्पद होते आणि दुरुस्तीसोबत ती गोष्ट उघडकीस येईल, अशी धास्ती होती. अशी धास्ती त्या काळी केवळ एका महाविद्यालयात नव्हती. हा निर्णय विद्यार्थ्याचा नव्हता की परिचराचा नव्हता. खरेदी समितीचा होता. चौकशी समितीने तो विचारात घेतला नाही.

आज्ञाधारकपणाची शिक्षा

१२ मे २०१७ च्या ‘वॉनाक्राय’ने इंग्लंडमधील २३६ पैकी किमान ८० शासकीय आरोग्य न्यासांचे काम विस्कळीत केले. दुरुस्ती १४ मार्चला निघालेली होती, तेव्हा दोष पुन्हा न बसविणाऱ्यांकडे गेला. ज्या उणिवेवर तो आधारलेला होता, ती अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने शोधून स्वतःच्या उपयोगासाठी गुप्त ठेवली होती, हे त्या गदारोळात मागे पडले.

दीड महिन्याने, २७ जून २०१७ रोजी, ‘नॉटपेट्या’ आला. युक्रेनमधील करविषयक हिशेबाच्या एका प्रचलित प्रणालीच्या अधिकृत सुधारणेतूनच तो शिरला. म्हणजे ज्यांनी उपदेश पाळून आपली प्रणाली वेळेवर अद्ययावत केली, त्यांना तो आधी लागला. तेथून तो मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात पसरला. नवी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले आणि माल वाहून आणणाऱ्या गाड्या खोळंबल्या. मर्स्कला ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने सिद्ध करावे लागले. न्हावा-शेव्याच्या रस्त्यावर थांबलेल्या ट्रकचालकाने कोणते जोडपत्र उघडले होते?

मॅक्रोंची कथा त्यानंतरही संपली नव्हती. मूळ मांडणीत त्या बंद केल्यावर विषाणू लिहिणारे दस्तऐवजातच ‘मजकूर दिसण्यासाठी अनुमती द्या’ अशी विनवणी छापू लागले आणि लोक ती देऊ लागले. हा खराखुरा वापरकर्त्याचा दोष म्हणावा, तर २०२२ मध्ये इंटरनेटवरून आलेल्या दस्तऐवजांतील मॅक्रोंसाठी अनुमतीची ती सोपी कळच काढून टाकली गेली. ‘कन्सेप्ट’पासून तेथपर्यंत सत्तावीस वर्षे लागली.

कायद्याची भाषा

आपल्याकडील माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आला. त्याच्या कलम ४३ नुसार, मालकाच्या परवानगीवाचून संगणकात विषाणू प्रविष्ट करणारी किंवा करविणारी व्यक्ती नुकसानभरपाईस पात्र ठरते. ‘जाणूनबुजून’ असा शब्द या कलमाच्या पाठात नाही. अप्रामाणिक वा कपटी हेतूची अट फौजदारी जबाबदारीसाठी आहे आणि ती कलम ६६ मध्ये आहे. पेन ड्राइव्ह घेऊन आलेला विद्यार्थी कलम ४३ च्या शब्दांत बसू शकतो. ज्या रचनेमुळे तो ड्राइव्ह बोलू लागला, तिच्या निर्मात्याचा त्या कलमात उल्लेख नाही. आणि यंत्र सुरू करताना आपण सर्वच ज्या करारनाम्याला न वाचता होय म्हणतो, त्यात निर्मात्याने आपली जबाबदारी जवळजवळ शून्यावर आणून ठेवलेली असते.

युरोपीय संघाने १० डिसेंबर २०२४ पासून अंमलात आणलेल्या सायबर लवचिकता अधिनियमात डिजिटल वस्तू मूळ मांडणीतच सुरक्षित असावी, अशी अट निर्मात्यावर घातली आहे. तिच्यासह बहुतेक बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू व्हावयाची आहेत. प्रयोगशाळेच्या दारावरील फलक मध्यंतरी रंगकामाच्या वेळी काढला गेला. त्या विद्यार्थ्याचा माफीनामा मात्र कार्यालयाच्या धारिकेत अद्याप आहे आणि त्याच्या पाठीमागे तिघांच्या सह्यांचा अहवाल टाचलेला आहे.